वरचे माझे

४ मार्च

बँकेतून पुन्हा परत! जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या कागदांवर दुसरं. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "आधी तू नक्की कोण ते ठरव, मग खातं उघडायला ये." एकोणीस वर्षांची झाले, अजून ठरायचंच आहे म्हणे!

जाऊ दे. चित्रांचे पैसे मिळतातच की. परदेशातली एक बाई तिच्या गेमसाठी माझ्याकडून चित्रं काढून घेते आणि मोबाइलवर क्रिप्टो टाकते, बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला ते घेऊन रोख देतो. थोडे कापतो, पण 'तू कोण' असं विचारत नाही.

७ मार्च

आज लॉन्ड्रीत कामावर गेले तर इस्त्रीवाल्या काकूंनी बाजूला घेतलं. काकांना परत दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर म्हणाले, मुलाला बोलावून घ्या.

मुलगा म्हणजे लांब्या. परदेशात बांधकामावर आहे. मालकाने पगार अडवलाय, तिकिटाला पैसे नाहीत, आणि माझ्यासारखंच त्याचंही बँकेत खातं नाही. मोबाइलवर क्रिप्टो मात्र घेतो. काकूंनी शिलाई मशीन विकलं. नोटा रुमालात बांधून माझ्या हातात दिल्या.

"चिमणे, तुझ्या त्या मोबाइलमधल्या पैशातलं मला काही कळत नाही गं. पण तू कळतेस. तेवढं पुरे."

८ मार्च

मोबाइलवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "दुसऱ्याचे आहेत ना? मग हे स्थिरवालं क्रिप्टो घे. वर जात नाही, खाली येत नाही. घे आणि लगेच पुढे पाठव."

मी दुसरं घेतलं. आठवडाभर नुसतं चढतंय ते! एकच रात्र ठेवायचं. वरचे माझे, मुद्दल काकूंचं. चित्रं काढायची डिजिटल पाटी घेता येईल. यात कुणाचं काय जातंय?

संध्याकाळी काकू – "पाठवलेस?"

"हो. वाटेत आहेत."

वाटेत!

९ मार्च

पडलं. सकाळी बघितलं तेव्हा जरासंच पडलं होतं. तेव्हाच पाठवायला हवं होतं. पण म्हटलं, दुपारपर्यंत सावरेल.

१० मार्च

नाही सावरलं. तिसरा हिस्सा गेला. चादरींना घड्या घालताना चार वेळा मोबाइल काढला, मुकादम ओरडला. काकू पलीकडे इस्त्री फिरवत होत्या. मान वर केली की हसायच्या माझ्याकडे.

माझे होते नव्हते तेवढे घातले, तरी विमानाच्या तिकिटाला कमीच. त्याच क्रिप्टोत तेवढेच पाठवून दिले.

काकूंना म्हटलं, "मधले लोक बरेच कापतात हो."

"असू दे गं. तुला उगाच त्रास दिला."

त्या माझी माफी मागतात!

११ मार्च

काकूंना लांब्याचा फोन. विमानाचं जमत नाही, बोटीने येतो, मग पुढे बस. काकांना सांगितलं तर नुसती मान हलवली म्हणे. मी दवाखान्यात डबा घेऊन गेले होते तरी खोलीत गेले नाही. काकांच्या नजरेसमोर जायची हिंमत झाली नाही.

१४ मार्च

काका गेले.

लांब्या अजून बोटीवर. काका सारखं दाराकडे बघत होते, असं काकू सांगत होत्या. शेजारणीने विचारलं, मुलाला कळवलं नव्हतं का? काकूंनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "या पोरीने धावपळ केली म्हणून तो निघाला तरी. पोटच्या पोरीसारखी आहे मला."

हात काढून घ्या हो काकू, असं ओरडावंसं वाटलं.

१६ मार्च

लांब्या आला. तोवर सगळं आटोपलं होतं. पाठीवरची पिशवी न काढताच रिकाम्या खाटेसमोर उभा राहिला. काकूंनी त्याला बसवलं, तेव्हा बसला.

मी बाहेरूनच परतले.

१७ मार्च

ताट तसंच ठेवून उठले. ताई विचारते, काय झालंय तुला? डोकं दुखतंय म्हटलं. आणखी एक थाप. आता सवयच लागली.

उद्या लांब्याला सगळं सांगणार. मारलं तर मारू दे.

१८ मार्च

सांगितलं. त्यांच्या जिन्यात. पाटीसकट सगळं.

तो कठड्याचा रंग नखाने खरवडत राहिला. मग म्हणाला, "तुझे पैसे मला त्याच संध्याकाळी मिळाले. सकाळी बोट होती. बोटीच्या तिकिटापुरते होते. पण ते परत चढायला लागलं होतं गं... म्हटलं, एक दिवस थांबलो तर विमानाचं जमेल. ती बोट सोडली मी. पुढची थेट तीन दिवसांनी होती."

आणि मग – "आईला सांगू नकोस."

आतून काकूंनी हाक मारली. आम्हा दोघांसाठी चहा टाकला होता.