टोपलीत बसण्याआधीची निरवानिरव

मी, आमोस शांतवन ओहोळ, वय सत्तावीस, काम तंदूरवर नान लावणे, मूळ राहणार तालुका नेवासा, हल्ली मुक्काम त्सुफेनहाउझेन, श्टुटगार्ट, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. डाव्या भुवईवर चिकटपट्टी आहे, पण ती फक्त बाहेरून. मी प्यालेलो नाही. हे लिहायला मला कुणी भाग पाडलेलं नाही, उलट तीन जणांनी "लिहू नकोस, हसतील" असं बजावलं आहे. हसू देत.

लिहिण्याचं कारण असं. आमची मराठी ख्रिस्ती संगती इथल्या जर्मन चर्चच्या सभागृहात महिन्यातून दोन रविवार जमते. उद्या चर्चच्या जत्रेत आम्ही 'पौलाचे प्रवास' हे नाटक करणार आहोत. दिमिष्क, म्हणजे दमास्कस, शहरात येशूचा प्रेषित पौल याला मारायला लोक टपले होते, वेशीवेशीवर पहारा होता, तेव्हा त्याच्या मित्रांनी त्याला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं, हे सगळ्यांना माहीत आहे. तट म्हणजे सभागृहाची वरची खिडकी, जमिनीपासून सहा मीटर. पौल म्हणजे मी.

मागच्या शनिवारी माझ्याऐवजी कांद्याचं पोतं बसवून पाहिलं. टोपलीचा तळ गेला. कांदे ट्रामच्या थांब्यापर्यंत पोचले. चर्चची देखभाल करणारे हेर, म्हणजे श्रीयुत, क्रोनर खाली उभे होते. त्यांनी एक कांदा उचलला, निरखून बघितला, खिशात टाकला आणि आत जाऊन एक फॉर्म घेऊन आले. काय होईल ते माझ्या स्वतःच्या जोखमीवर, असं त्यात होतं. मी सही केली आणि विचारलं, याला मृत्युपत्र जोडायचं का? ते माझी सही तपासत म्हणाले, "वॅरे गूट." म्हणजे, असलं तर बरंच.

नाटकात गर्दीचं काम करणारे मयुरेशभाऊ देवधर म्हणाले, "अरे, गंमत केली त्यांनी!"

मी म्हटलं, "भाऊ, जर्मन माणूस फॉर्मच्या बाबतीत गंमत करत नाही."

तर आता कलमं.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. असल्यास ते रद्द.

कलम २. गावच्या घरातला माझा हिस्सा, म्हणजे पत्र्याची एक खोली आणि चिंचेखालचा ओटा, माझी आई मालिनी हिला. आई, खोलीचं काहीही कर, ओटा पाडू नकोस. पणजोबांचा बाप्तिस्मा झाला तेव्हा गावाने आडाचं पाणी तोडलं, आमचा दोर कापून आडात टाकला. सात महिने पणजी नदीवरून पाणी वाहायची आणि त्यातलंच वाटसरूंना त्या ओट्यावर पाजायची. ज्याने दोर कापला तोही एकदा ऐन उन्हात येऊन टेकला. त्यालाही दिलं. आजी ही गोष्ट कीर्तनात रंगवून सांगायची आणि शेवटी झांज वाजवून म्हणायची, "तांब्या दिला हो, पण जरा आपटूनच दिला!" आमच्या घराण्याची क्षमा ही अशी आहे. पुढची कलमं वाचताना हे ध्यानात ठेवावं.

कलम ३. बँकेत जे असेल ते आईला. आकडा लिहीत नाही, ती गल्लीभर सांगेल.

कलम ४. हत्यारं. नान काढायच्या दोन सळ्या, नान लावायची गादी, कणीक कापायचा पत्रा. हे आधी मयुरेशभाऊंच्या नावे लिहिलं होतं, कारण दर गुरुवारी ते गाड्यांच्या कारखान्यातून जेवायला येतात आणि तंदूरशी उभे राहून "आमोस, मला एकदा लावू दे ना" म्हणतात. पण ते नाव खोडलं आहे. भाऊंचे वडील पुण्यात वकील. भाऊ म्हणतात, इथल्या कायद्याला मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिलं की पुरतं, पण गावच्या घरासाठी आपल्याकडचे दोन साक्षीदार हवेत, आणि साक्षीदाराला काही देता येत नाही. दिलं तर ते देणं बाद. मला साक्षीदार हवा होता, म्हणून भाऊंना काही नाही. सळ्या, गादी आणि पत्रा आमच्या हॉटेलातले दुसरे आचारी शिरीष यांना. शिरीषदादा, गादी साबणाने धुवायची नाही. आणि उजव्या हातावर केस ठेवायची हौस सोडायची.

कलम ५. माझी बॅग. हिच्याबद्दल सविस्तर लिहितो. सात वर्षांत मी नऊ नोकऱ्या केल्या. पुणे, मस्कत, मग सायप्रस बेटावर पाफोस, मग माल्टा, मग इथे. हे नाटक बसवताना मला कळलं की पौल पाफोसला गेला होता! मी तिथे अकरा महिने भांडी घासली आणि मला कुणी बोललंसुद्धा नाही! पुढे कळलं, त्याचं जहाज फुटलं ते माल्टाजवळ. तिथे तो भिजलेला, कुडकुडत शेकोटीत काटक्या घालत होता तर हाताला साप डसला. त्याने तो झटकून विस्तवात टाकला आणि कामाला लागला. मला तिथे साप नाही, मुकादम भेटला. मी झटकला नाही, दुसऱ्या दिवशी बॅग भरली. जयंतकाकांनी नकाशावर त्याचे प्रवास बोटाने दाखवले तेव्हा मी खुर्चीतून उठून ओरडलो, "काका, हा माझाच रस्ता आहे!" तेव्हापासून संगतीत माझी थट्टा चालू आहे.

फरक एवढाच की त्याला फटके मारून, कोंडून, वेशीबाहेर फरफटत नेऊन टाकलं तेव्हा कुठे तो गाव सोडायचा. मला कुणी आवाज चढवून बोललं की पुरतं.

आणि आजवर कुणाला सांगितलं नाही ते इथे लिहितो. मंगळवारी, एक तारखेला, मी हांबुर्गला चाललो आहे. तिथल्या एका हॉटेलात तंदूरची जागा आहे. इथे मला कुणी वाईट बोललेलंही नाही. नुसते पाय खाजवतात. बॅग पलंगाखाली भरून तयार आहे. मी उद्या मेलो तर ती न उघडता संगतीला द्यावी, आत नवे मोजे आहेत.

कलम ६. जुनी भांडणं.

अ) जयंतकाका साळवे, आमच्या संगतीचे वडील. तीस वर्षं जर्मनीत, 'तर' ऐवजी 'आल्झो' म्हणतात. पौल कोण होणार असं निघालं तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाले, "आल्झो, पौल शिकलेला माणूस होता, आमोस. मोठ्या गुरूच्या पायाशी बसलेला. तू नववी नापास. आमचा सुमित करेल."

सुमित म्हणजे त्यांचा पुतण्या, डार्मश्टाटला संशोधन करतो.

मी म्हटलं, "काका, पौल तंबू शिवून पोट भरायचा. त्याच्या हाताला घट्टे होते. सुमितचे हात बघा आणि माझे बघा."

काकांनी खरंच दोघांचे हात बघितले. मग सुमितने वर जाऊन खिडकी बघितली आणि त्याला एकाएकी आपला प्रबंध आठवला. तो त्याच दिवशी परत गेला. पुढे काय झालं तेही लिहायला हवं. मला लांब भाषणं वाचता येत नाहीत, ओळी पळतात. पाच आठवडे रोज दुपारी काका हॉटेलच्या मागच्या दाराशी स्टुलावर बसले आणि मला ओळ ओळ म्हणून दाखवली. मी कणीक मळत कानाने पाठ केली. आता मला सगळं येतं, काकांचा खोकलासुद्धा. त्यांना क्षमा केली आहे. तांब्या न आपटता.

आ) मयुरेशभाऊ. लुस्त्र गावात लोकांनी पौलाला दगडमार केला तो प्रवेश. भाऊ संगतीचे नाहीत, पण गर्दीला माणसं कमी पडत होती म्हणून मराठी मंडळातून सहा जणांना घेऊन आले. जमावाचे पुढारीही तेच. दगड म्हणून पावाच्या दुकानातले दोन दिवसांचे शिळे ब्रोटशेन, म्हणजे छोटे गोल पाव, आणले. ज्यांना वाटतं की पाव तो पावच, त्यांनी जर्मनीतला दोन दिवसांचा पाव खाऊन दाखवावा. भाऊ कॉलेजच्या संघात गोलंदाज होते. पहिलाच पाव भुवईवर. मी पडलो, आणि त्यात अभिनय नव्हता.

इथे निशिगंधा त्रिभुवन यांचा प्रवेश होतो. जालन्याच्या, इथे इस्पितळात नर्स आहेत, नाटक त्याच बसवतात. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. भुवई पुसली, पट्टी चिकटवली आणि म्हणाल्या, "ऊठ."

मी म्हटलं, "सिस्टर, पौल मेला समजून लोक निघून गेले ना? मग पडू दे की थोडा वेळ."

"पौल उठला, आणि त्याच गावात परत गेला. ऊठ आणि परत जा."

"त्याच गावात? ज्यांनी मारलं त्यांच्यातच? कशाला?"

त्या उरलेले पाव पिशवीत भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "काम राहिलं होतं त्याचं."

मी उठलो आणि परत गेलो. भाऊंनी दुसरा पाव मारला. पण त्या दिवसापासून मला झोप कमी आणि हसू जास्त येतं. नान लावताना येतं, ट्राममध्ये येतं. काल एका जर्मन आजीबाईंनी मला बघून जागा बदलली. भाऊंना पूर्ण क्षमा, तांब्या जरा आपटून.

कलम ७. निशिगंधा त्रिभुवन यांना माझ्या आजीची झांज. पितळी, एका वाटीला चीर आहे, त्यामुळे आवाज थोडा चिरका येतो, पण लांब जातो. मी नऊ नोकऱ्यांतून ही जपून आणली आहे, इतकं जपून मी दुसरं काही आणलेलं नाही. त्यांनाच का, तर नवी टोपली त्यांनी स्वतः निवडली, तळाला फळी बसवून घेतली, आणि दोराची गाठ दुसऱ्या कुणाला मारू देत नाहीत. भाऊ म्हणाले, "सिस्टर, मी इंजिनियर आहे." त्या म्हणाल्या, "म्हणूनच."

कलम ८. मला पुरताना रडगाणी नकोत. कीर्तनाच्या चालीवर, जलद, टाळ्यांसकट. नंतर जर्मन लोक कॉफी आणि केक ठेवतील तर ठेवू देत, पण भजीसुद्धा हवीत. कांदे आहेतच.

कलम ९. मी न मेल्यास. भाऊ म्हणतात, असं कलम जगात कुठल्याही मृत्युपत्रात नसतं. असू दे. मी न मेल्यास वरची सगळी कलमं थांबतील, एक सोडून. झांज निशिगंधा यांनी मी जिवंत असतानाच घ्यावी, आणि झांजेबरोबर ती वाजवणाराही घ्यावा. त्याला थोडी चीर आहे. तसं झालं तर मी मंगळवारी कुठे जाणार नाही, बुधवारीही नाही. माझं इथलं काम राहिलं आहे. आणि त्यांना नको असेल तर तसं साधं सांगावं. मी सकाळच्या गाडीत बसेन आणि तांब्या अजिबात आपटणार नाही. हे कलम मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलं आहे.

पुढचं सह्या घेताना घडलं. साक्षीदारांसमोर घडलं, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

पहिली सही मयुरेशभाऊंनी केली. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी मी गेल्याच आठवड्यात निशिगंधा यांचं नाव लिहून ठेवलं होतं, तेव्हा कलम सात आणि नऊ सुचलेली नव्हती. आज सभागृहाच्या स्वयंपाकघरात मी कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि बेसिनकडे तोंड करून एक स्वच्छ पातेलं घासायला घेतलं. त्यांनी पेन उचललं.

"थांबा, थांबा!" भाऊ ओरडले. "सिस्टर, सही करू नका. कलम सातमध्ये झांज तुम्हाला आहे. सही केलीत तर तुम्हाला मिळायचं ते सगळं बाद!"

"सगळं म्हणजे काय काय?" असं म्हणून त्या वाचायला लागल्या. पहिल्या पानापासून. कांद्यांच्या ठिकाणी हसल्या. हांबुर्गच्या ठिकाणी हसू थांबलं, हे मला पातेल्यात दिसलं. मग शेवटचं पान. जयंतकाका दारात आले, काहीतरी बोलणार होते, भाऊंनी त्यांच्या तोंडावर हातच ठेवला.

निशिगंधा यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते काकांच्या हातात दिलं.

"काका, तुम्ही करा सही. मी केली तर माझं नुकसान आहे."

काका म्हणाले, "पण मलाही कलम सहामध्ये क्षमा मिळाली आहे ना?"

"क्षमा ही मालमत्ता नाही," भाऊ म्हणाले. "करा सही!"

"आणि आमोस," त्या म्हणाल्या, "ते पातेलं ठेव आता. वर ये. गाठ दोनदा मारायची आहे."

लिहून देणार: आमोस शांतवन ओहोळ

साक्षीदार १: मयुरेश देवधर (काहीही न मिळालेले)

साक्षीदार २: जयंत साळवे (निशिगंधा त्रिभुवन यांनी सही करण्यास नकार दिल्यामुळे)

स्थळ: त्सुफेनहाउझेन, चर्चच्या सभागृहाचं स्वयंपाकघर
तारीख: २८ जून २०२५, शनिवार. बॅग रिकामी केली.