भिंगरीचे तेल कोणीही बंद करू नये

मी, या कागदाखाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दातांच्या कवळ्या तयार करणे (आता निवृत्त), पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने माझ्या माघारीची व्यवस्था लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू पाहणारे दोघे होते, त्यांचा उल्लेख योग्य त्या कलमात येईल. शुद्धीचा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. चार पायऱ्या उतरल्यावर ते "पुरे" म्हणाले, पण सुरू केलेले मध्येच बंद करायची मला सवय नाही. मी दोनपर्यंत जाऊन थांबले.

यापूर्वी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात ज्या वस्तूचा उल्लेखही नव्हता, तिच्यासाठीच हे नवे करते आहे.

कलम एक. घर. राहते घर, मागच्या अंगणासह, माझ्या एकुलत्या एका मुलाला मिळावे. मुलगा वाईट नाही. त्याला गाड्यांचे प्रेम नाही एवढेच, आणि ते त्याने वडिलांकडून घेतलेले नाही. अपवाद अंगणातल्या शेडचा. कलम तीनमधल्या वस्तूला दुसरीकडे हक्काचे छप्पर मिळेपर्यंत शेड तिचीच राहील, आणि शेडची किल्ली मुलाने मागू नये. जेवणाचे टेबलही त्याचेच. त्यावरचा काळा गोल डाग घासून काढू नये. त्या जागी एक इंजिन उघडले गेले होते आणि तेवढे महिने आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो.

कलम दोन. बँकेतली शिल्लक. माझ्या दवाखान्याचे भागवून जे उरेल ते मुलाचे. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम तीन. जंगम मिळकत. कायद्यात जंगम म्हणजे जागची हलणारी. सदर वस्तू बारा-तेरा वर्षे पक्की स्थावर होती, त्यामुळे तिची हकिकत लिहिणे भाग आहे.

वस्तू अशी: दोन दारांची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. इंजिन रोटरी. इतरांच्या इंजिनात पिस्टन वरखाली होतात, हिच्यात दोन तिकोनी रोटर गोल फिरतात, म्हणून माझ्या यजमानांनी तिचे नाव भिंगरी ठेवले. हे इंजिन मुळातच थोडे तेल पिते. एका बारीक नळीतून तेल आत जाते, रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना ओले ठेवते आणि जळून जाते. तो बिघाड नव्हे, तो तिचा आहार आहे. हे आमच्यात तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. माझे धाकटे दीर गॅरेजवाले. भावाची गाडी तेल पिते ही गोष्ट त्यांच्या अब्रूला लागली. एका दुपारी त्यांनी ती नळी शोधली, तिच्या तोंडात पितळी स्क्रू घट्ट बसवला आणि हात पुसत म्हणाले, "बघ दादा, आता थेंब पीत असेल तर नाव बदलीन." आम्ही कौतुक केले. मी त्यांना दुसऱ्यांदा चहा केला.

काही महिन्यांत भिंगरी गरम झाल्यावर सुरू होईना. मग पाण्याच्या टाकीजवळचा चढ तिला चढवेना. दिरांनी बॉनेट न उघडताच निकाल दिला, "दादा, तू रेटलीस तिला. मेलं इंजिन."

ह्यांनी ते मान्य केले. हे असे होते की रस्त्यात कोणी धक्का मारला तरी आपणच माफी मागायचे. गाडीवर ताडपत्री पडली, ताडपत्रीवर जुन्या खुर्च्या चढल्या. त्यानंतर ह्यांनी पुन्हा कधी स्टिअरिंग धरले नाही. आपल्या हातून तिचा जीव गेला, हे मनात धरूनच हे गेले. माझा राग स्क्रूवर नाही. स्क्रू कोणाच्याही हातून बसेल. माझा राग त्या एका वाक्यावर आहे, आणि तो मी कोणाला वाटून देणार नाही, बरोबर नेणार आहे.

ह्यांच्या माघारी दडपण सुरू झाले. दीर म्हणाले, "वहिनी, ते काढून टाकू, साधं पिस्टनचं बसवू." त्याच सुमारास एक हॉटेलवाले आले. त्यांना गाडी इंजिनाशिवाय हवी होती, हॉटेलच्या दर्शनी भागात ठेवायला, आत कुंड्या आणि रंगीत दिवे लावून. मुलगा जवळजवळ तयार झाला होता.

तेव्हा सून घरात नवीन होती. ती लिफ्ट दुरुस्त करायचे काम करते. तिने खुर्च्या उतरवल्या, ताडपत्री उचलली आणि विचारले, "आई, मेलं म्हणतात, पण उघडून कोणी बघितलं?"

कोणीच बघितले नव्हते.

"लोक रोज मला फोन करतात, लिफ्ट मेली म्हणून," ती म्हणाली. "जाऊन बघावं तर दार नीट लागलेलं नसतं."

आम्ही शेडच्या आढ्याला साखळी बांधून इंजिन वर काढले आणि टेबलावर आणले. तिच्या हाताला पहिली वस्तू लागली ती तो स्क्रू. ही नळी कधी बंद करायचीच नसते, हे तिने दुरुस्तीच्या पुस्तकात मला दाखवले आणि तो माझ्या तळहातावर ठेवला. मी तो धरून उभी राहिले आणि मला रडू कोसळले. ह्यांनी रेटली नव्हती. कधीच नव्हती. एवढे ऐकायला हे नव्हते, याचेच ते रडू होते. सुनेने पाना खाली ठेवला नाही, पण मोकळा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

आत पट्ट्या झिजून पातळ झाल्या होत्या. नव्या मागवल्या त्या किंचित लांब आल्या, घासून बेताच्या करायच्या होत्या. तिथे माझा जन्मभराचा धंदा कामी आला. कवळी हिरडीवर बसते तशी ती पट्टी खाचेत बसावी लागते, अडकायला नको आणि डुलायलाही नको. मी भिंग लावून एकेक पट्टी घासली. सुनेने वायरिंग अंगावर घेतले, आणि मला म्हणाली, "आई, करायचीच तर होती तशी नको, जरा पुढची करू." म्हणून मोठा रेडिएटर आला, विजेचा पंखा आला, प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉइल आली, ब्रेक नवे आले. सगळ्यांत महत्त्वाची सुधारणा म्हणजे त्या बारीक नळीसाठी वेगळी छोटी टाकी. आता भिंगरीला इंजिनातले वापरलेले काळे तेल प्यावे लागत नाही, स्वच्छ तेल मिळते. ही कल्पना सर्वस्वी सुनेची, याची नोंद व्हावी.

इंजिन एकावर एक डबे रचावेत तसे रचायचे असते. पट्ट्या जागेवरून पडू नयेत म्हणून खाचांत व्हॅसलीन भरतात. पहिल्यांदा सगळे रचून, लांब बोल्ट आवळून, आम्ही एकमेकींकडे मोठ्या ऐटीत पाहिले. मग सुनेने सुटे भाग ठेवायची ताटली उचलली.

"आई, ही स्प्रिंग इंजिनातली की तुमच्या घड्याळातली?"

घड्याळातली नव्हती. पुन्हा सगळे उघडले.

याच काळात मुलाचे आणि सुनेचे पटेनासे झाले. कोणाचे चुकले ते मला माहीत आहे, पण ते या कागदात येणार नाही. दोघे रीतसर वेगळे झाले, मुलगा नोकरीनिमित्त दुसरीकडे गेला, सुनेने दोन गल्ल्या सोडून खोली घेतली. ती घरातून गेली, शेडमधून गेली नाही. दर रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजायची. मुलाने फोनवर विचारले, "आई, ती आता आपली कोण?" मी म्हटले, "इंजिन अर्धवट उघडं आहे. आधी ते मिटू दे, मग सांगते." ते मिटले. त्याला उत्तर आज देते आहे, याच कलमात, खाली.

भिंगरी सुरू झाली ती सकाळ मी लिहून ठेवणारच. आधी नुसती कुरकुरली, मग एकदम पकडले, आणि व्हॅसलीन जळून शेडमधून असा पांढरा धूर निघाला की शेजारच्या ग्रंथपालांनी अग्निशामक दल बोलावले. दलाचे लोक आले, धूर विरेपर्यंत थांबले, आणि मग नळ्या गुंडाळायच्या सोडून बॉनेटभोवती उभे राहिले. त्यांचा प्रमुख म्हणाला, "आजी, जरा रेस करा ना." मी केली. तो आवाज गल्लीने बारा-तेरा वर्षे ऐकला नव्हता. सून शेडच्या दारात उभी राहून हसत होती आणि तिच्या नाकाला काजळी लागली होती.

पाण्याच्या टाकीचा चढ आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर गेला की डॅशबोर्डातून शिट्टी वाजते, ती वाजली, आणि आम्ही ती वाजू दिली. चढाच्या माथ्यावर दिरांचे गॅरेज आहे. दीर बाहेर आले. शेजारच्या सीटवर बसले, सून कशीबशी मागे दुमडून बसली, आणि मी त्यांना खाली नेऊन त्याच चढावरून पुन्हा वर आणले. त्यांनी वरची कडी घट्ट धरली होती. उतरताना मी स्क्रू त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ओळखला.

"वहिनी, दादाने नव्हती रेटली," ते म्हणाले. "मीच उपाशी मारली तिला."

हे त्यांनी गॅरेजातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटले. मला तेवढेच हवे होते. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ चढ चढले, पण जिंकल्यासारखे वाटले ते त्या एकाच चढावर.

तेव्हा सदर वस्तूची व्यवस्था अशी. भिंगरी, तिची सर्व हत्यारे, साखळी, बारीक फटी मोजायचे फीलर गेज, माझे भिंग आणि पट्ट्या घासायचे दगड यांसह, माझ्या सुनेला मिळावी. वकिलांनी 'पूर्वाश्रमीची सून' असे लिहायला सुचवले. तिने काही संन्यास घेतलेला नाही. ते म्हणाले, "बाई, कायद्याने ती तुमची आता कोणी लागत नाही." मला ते ठाऊक आहे. हे मृत्युपत्र न करता मी गेले तर भिंगरी मुलाकडे जाईल, मुलाकडून हॉटेलवाल्याकडे, आणि तिच्या पोटात कुंड्या येतील. म्हणूनच हा खटाटोप. नात्याच्या रकान्यात 'सून' एवढेच लिहावे, पुढेमागे काही जोडू नये. वकिलांचा आक्षेप नोंदवला आहे, मान्य केलेला नाही.

अटी तीनच. तिचे तेल कोणीही, काटकसरीच्या नावाखाली तर मुळीच, बंद करू नये. ती फिरती ठेवावी, दिखाऊ ठेवू नये. आणि थंड असताना सुरू केली तर पूर्ण गरम होईपर्यंत बंद करू नये, नाहीतर आत पेट्रोल साचून ती रुसते आणि लोकांना पुन्हा मेल्यासारखी वाटते. माणसांच्या बाबतीतही मी हे पाहिले आहे.

कलम चार. पितळी स्क्रू, नग एक, मखमलीच्या डबीत, माझ्या दिरांना मिळावा. राग म्हणून नव्हे, आठवण म्हणून. थोडा राग आहेच. त्यांनी तो गॅरेजच्या भिंतीवर लावावा आणि कोणाचे इंजिन मेले म्हणण्याआधी एकदा त्याच्याकडे पाहावे.

कलम पाच. माझी स्वतःची कवळी मी माझ्या हाताने केली आहे. ती माझ्या तोंडातच राहू द्यावी. मी हसत गेले की नाही, हे लोकांना नीट दिसले पाहिजे.

मुलाला शेवटचे सांगणे. तुला घर दिले, कारण तू माझा आहेस. तिला गाडी दिली, कारण तीही माझी आहे. यात तुझे काही कमी झालेले नाही. कधी वाटले तर रविवारी सकाळी फाटकाची कडी वाजव. मागची सीट अवघडच आहे, पण आहे.

लिहिण्यासारखे आणखी होते. पण ज्याला काही मिळणार आहे त्याने सहीच्या वेळी समोर नसलेले बरे, असे वकील म्हणाले, म्हणून सुनेला बाहेर पाठवले. तिला रिकामे बसता येत नाही. तिने भिंगरी सुरू केली आहे आणि आता ती मध्येच बंद करता येणार नाही. माझे डोळे अधू झाल्यापासून सून चालवते आणि मी शेजारी बसते. टाकीच्या चढावर जायचे आहे. सबब हे मृत्युपत्र इथेच पुरे करते.

स्थळ: माझ्या घरातले जेवणाचे टेबल, काळ्या डागाच्या बाजूला.
दिनांक: आजचा, रविवार. आकडा वकिलांच्या शिक्क्यात आहे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार एक: शेजारचे ग्रंथपाल. (सही) आज धूर दिसला, तरी कोणालाही फोन केला नाही.

साक्षीदार दोन: आमचे डॉक्टर. (सही) बाई पूर्ण शुद्धीत आहेत. घाईत आहेत.

वकिलांची नोंद: लाभार्थी सहीच्या वेळी खोलीत हजर नव्हती. नाते: सून. ती बाहेर इंजिन गरम करत होती, आणि तो आवाज आम्हा सर्वांना स्वच्छ ऐकू येत होता.