माहितीदाता क्रमांक तीन

आबा, तुम्ही होतात तेव्हा मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ते धाकट्या काकांनी तुम्हाला वाचून दाखवलं असतं, आणि मला जे लिहायचं होतं ते काकांच्या तोंडून ऐकवण्यासारखं नव्हतं. आता तो प्रश्न उरलेला नाही.

मी विद्यापीठात धर्माचा अभ्यास करणार असं सांगितलं तेव्हा तुम्ही एका कोकराच्या खुरातला काटा काढत होता. मान वर न करता म्हणालात, "शिकायला लागतंय व्हय त्ये?" मी म्हणालो, हो, त्यात एम.ए. असतं, मग पीएच.डी. असते. काटा निघाला. कोकरू सोडून देत तुम्ही विचारलंत, "मग देव कितीला हाय? शंभरातलं किती मार्क?" काका हसले, मीही हसलो. सोलापूरला परतताना एसटीत मात्र मला त्या प्रश्नाचा राग आला. आम्ही वर्गात देवाबद्दल बोलतच नव्हतो. लोक देवाबद्दल काय बोलतात, त्याबद्दल बोलत होतो. हा फरक तुम्हाला कळणार नाही, असं मी धरून चाललो होतो.

माझा विषय भाकणूक. प्रबंधात मी ती अशी समजावली होती: जत्रेच्या शेवटच्या दिवशी, ढोल थांबल्यावर, एक माणूस देवापुढे उभा राहतो आणि येत्या वर्षी पाऊस कोणत्या नक्षत्रात पडेल, ज्वारी कशी येईल, जनावरांवर रोग येईल का, हे सांगतो, त्याच्या तोंडून देव बोलतो अशी श्रद्धा असते. एवढंच. तुम्ही तीस वर्षं तिथं उभे राहिलात. ढोल काकांचा असायचा. लहानपणी मी आईच्या कडेवरून बघायचो आणि तो आवाज तुमचा आहे हे मला पटायचं नाही. आवाज थांबला की लोक पेरणीचं बोलत घरी जायचे. तुम्ही मागे बसून पाणी प्यायचात.

मार्गदर्शकांनी पहिल्याच महिन्यात बजावलं होतं की घरचा माणूस पुरावा म्हणून चालत नाही. मी सात गावांतली सात माणसं निवडली. खरी सहा निवडली. सातवे तुम्ही होता. यादीत तुम्ही तिसरे आलात. वय अंदाजे पासष्ट, शिक्षण नाही, व्यवसाय मेंढपाळ. गावाचं नाव बदललं होतं. मार्गदर्शकांना मी काही सांगितलं नाही.

ती दुपार मला अजून दिसते. लोकर कातरायचे दिवस आहेत. लिंबाखाली तुम्ही मेंढी पाडून बसला आहात, मी समोर रेकॉर्डर घेऊन. मी सहाही जणांना विचारलेला प्रश्न तुम्हाला विचारतो: देव अंगात येतो तेव्हा काय होतं?

"त्ये बंद कर आदी," तुम्ही म्हणता. मी बंद करतो.

"देव समद्या साली येत न्हाय. यायचा तवा येतो." कातर चालूच आहे. "न्हाय आला तरी मी बोलतो. लोकं लई लांबनं चालत आल्याली असत्यात. त्यास्नी काय सांगू, आज देव न्हाय, घरला जावा?"

"मग काय बोलता?"

"मेंढरं बगतो की म्हैनाभर. कुटं बसत्यात, काय खात्यात. वारं बगतो. त्येच सांगतो." मेंढी दुसऱ्या कुशीवर वळवून तुम्ही पुन्हा बोलता. "तवा लई भ्या वाटतं बग. देव आसला की भ्या न्हाय. न्हाय आला की समदं माज्यावर. लोकं त्येच्यावर पेरत्यात." मग म्हणता, "ह्ये कुणाला सांगिटलं न्हाय मी. तुज्या आयला बी न्हाय. पाय धर की तिचा, बगत काय बसलास."

मी मेंढीचा पाय धरतो.

संध्याकाळची एसटी यायला अवकाश होता. फाट्यावर बसून मी ते सगळं वहीत उतरवलं, तुमच्या शब्दांत, एकही शब्द न बदलता. माझी स्मरणशक्ती चांगली होती आणि मला तिचा अभिमान होता. उरलेल्या सहा जणांनी एकच उत्तर दिलं होतं: देव येतो, आम्हाला काही आठवत नाही. तुमच्या उत्तरावर प्रबंधाचं चौथं प्रकरण उभं राहिलं. लिहिताना तुम्हाला विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. तुम्ही नको म्हणाल, हेही मला माहीत होतं.

पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मी घरी नुसती तारीख सांगितली होती. सकाळी साडेदहाला तुम्ही आणि काका सभागृहाच्या दारात. कडक धुतलेलं धोतर, तांबडा फेटा. मार्गदर्शक पुढं येऊन म्हणाले, "या, या, डॉक्टरांचे वडील!" आणि पहिल्या रांगेकडे हात केला. तुम्ही "हितंच बरं हाय" म्हणत शेवटच्या रांगेत बसलात. सगळं इंग्रजीत चालेल असा माझा अंदाज होता. बाहेरगावाहून आलेले परीक्षक म्हणाले, प्रबंध मराठीत आहे, आपण मराठीतच बोलू.

अर्धा तास बरा गेला. मग त्यांनी चौथं प्रकरण उघडलं. "माहितीदाता क्रमांक तीन," ते म्हणाले आणि वाचू लागले. देव समद्या साली येत न्हाय. न्हाय आला तरी मी बोलतो. त्यांच्या स्वच्छ आवाजात तुमचं बोलणं नाटकातल्यासारखं वाटत होतं, कुणीतरी हसलंही. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला. "एखादा भाकणूक सांगणारा स्वतःच्या तोंडानं असं कबूल करील? मला शंका येते. हे त्याचं आहे की तुमचं?"

मी म्हणालो, "सर, माहितीदाता निरक्षर आहे. वयही झालेलं आहे. प्रश्न त्याला नीट कळला नसावा. बोलण्यात सुसंगती नव्हती. या विधानावर मी फार भर दिलेला नाही."

मागे खुर्ची सरकली. मी वळून पाहिलं. तुम्ही उभे होता.

"साहेब, त्यो म्हातारा माज्या वळखीचा हाय," तुम्ही म्हणालात. "त्येला काय कळत न्हाय. तोंडाला यील त्ये बोलतो. ह्यानं इमानानं लिवून घेतलंय. चूक त्येची हाय, पोराची न्हाय."

सभागृह हसलं. परीक्षकही हसले. "वडिलांनीच साक्ष दिली म्हटल्यावर काय!" ते म्हणाले आणि पान उलटलं. काका तुमच्या शेजारी बसले होते. त्यांची नजर तुमच्यावर होती आणि ते हसत नव्हते. तुमचं बोलणं ते पन्नास वर्षं ऐकत आले होते. तुम्ही खाली बसलात. मी पुढच्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

निकाल लगेच जाहीर झाला. तुम्ही पेढा खाल्लात. माझ्या पाठीवर हात ठेवून विचारलंत, "झालं न्हवं?" मी म्हणालो, झालं. मग फोटो होते. ते संपेपर्यंत तुम्ही दोघं निघून गेला होता.

पुढच्या जत्रेत ढोल थांबल्यावर काकांचा थोरला उभा राहिला. तुम्ही बायकापोरांत बसला होता. विचारेल त्याला सांगत होता, "गुडगं धरल्यात आता." त्याच पावसाळ्यात मेंढरांमागं तुम्ही भीमेच्या काठापर्यंत चालत गेलात आणि चालत आलात. त्यानंतर चार वर्षं तुम्ही होता. मी दिवाळीला येत होतो, जत्रेला येत होतो. आपण पावसावर बोललो, माझ्या नोकरीवर बोललो. तुमच्या तेराव्याला काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "परीक्षेस्नं येताना एसटीत मी काय इचारलं बी न्हाय. दादाच म्हणला, त्यो म्हातारा सांगोल्याकडचा हाय. मी म्हणलं, आसंल." एवढं सांगून काका पंगतीला वाढायला गेले.

आता मी इथं सोलापूरलाच शिकवतो. गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी आली. विणकर घरातली, घरी तेलुगू बोलणारी. तिची आई शुक्रवारी देवीचं काही करते, आणि ते करताना तिला खरं काय वाटतं हे आईनं तिला स्वयंपाकघरात सांगितलं होतं. तिनं चार पानं लिहून आणली होती. मी वाचली. चांगली होती. "मम्मीला माहीत नाही हं सर," ती हसत म्हणाली, "तिला कुठं वाचायचंय!" मी म्हणालो, "उत्तम आहे. तळटीप नीट द्या." माझ्या तोंडून हेच आलं. ती जिन्यावर होती तोवर तिला परत बोलावता आलं असतं. तिच्या चपलांचा आवाज मी खालच्या मजल्यापर्यंत ऐकला.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, काकांनाही नाही. पण एक लिहायचं राहिलं आहे. त्या दिवसाबद्दल मी बायकोला एकदाच सांगितलं. म्हणालो, तुमच्या शेजारी काका होते, गावात तुमचं नाव जाऊ नये म्हणून मी ते विधान खोटं ठरवलं. ती म्हणाली, मग बरोबरच केलंस. मी मान हलवली. इतकी वर्षं मीही ते जवळजवळ खरं धरलं. ते खरं नाही, आबा. परीक्षकांनी चष्मा काढला तेव्हा मला फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. तुम्ही मागे बसला आहात, हे मी विसरलो होतो.