डावखुरा भाचा

॥ श्री वैजनाथ प्रसन्न ॥

मुक्काम केज, चैत्र वद्य पंचमी, फसली सन १३३७

तीर्थस्वरूप गुरुलिंगप्पा दाजी, मुक्काम भालकी, यांच्या चरणी बायकोच्या भावाचा, म्हणजे शंकरप्पाचा, शिरसाष्टांग शरणार्थी.

इकडं सगळं क्षेम हाय. तिकडची खुशाली कळवावी, असं रिवाजाप्रमाणं लिहितो. माझी बहीण शिवकांता गेल्यापास्नं वीस वर्षांत तुमी ती एकदा बी कळवली न्हाई, ही गोष्ट येगळी. (रागानं लिहीत न्हाई. टपालखात्यावर माझा पूर्ण भरवसा हाय, माझी सगळी पत्रं तुमाला पोचली असणार, एवढंच म्हणतो.) तुमचे गुडघे कसे हायत? तिच्या वेळेलाच ते दुखायचे, आता तर जिना बी चढू देत नसतील. माझी तब्येत ठीक. दाढा गेल्या, पण एकट्या माणसाला जेवायची काय घाई, भाकरी दुधात कुस्करून खातो. बायको मल्लम्मा वारल्यापास्नं चूल मीच फुंकतो. दुकानाची फळी लावली की बोलायला कुणी न्हाई, म्हणून तराजूशी बोलतो. तो बिचारा मान तरी हलवतो.

पत्राचं कारण जरा लांबून येतंय, तवा निवांत बसून वाचा. फाल्गुनात आमच्या बाजारतळावर तंबूतला सिनेमा आलता. मुकी चित्रं, पडद्यावर पळणारी. तंबूवाल्यानं मधोमध पांढरा पडदा बांधला, पाणी मारून चिंब केला, आन् पुढच्या बाजूला गडी, मागच्या बाजूला बाया, अशी बैठक केली. पडदा ओला असला की चित्र मागून बी दिसतं, ही त्यातली खुबी. इज्जतदार घरातल्या बाया त्यामुळंच आल्या. आमच्या शेजारच्या छबुबाई तर दुपारीच सतरंजी टाकून आल्या होत्या. मी बी गेलतो. कावून गेलतो म्हणाल तर घरी बसून तरी काय करणार होतो.

मधूनमधून पडद्यावर उर्दू अक्षरं यायची, ती वाचून मराठीत सांगायचं काम मोहनरावांकडं दिलं होतं. हे मोहनराव तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतात. उर्दू त्यांची पक्की, पण जन्म गेला अर्ज लिहिण्यात. पडद्यावर एक देखणी पोरगी डोळ्याला पदर लावून उभी राहिली, अक्षरं आली, आन् मोहनराव खड्या आवाजात म्हणाले, ‘सदरहू बाईचं म्हणणं असं की, इसम मजकुरावर तिचा जीव जडला असून हुजुरांनी मेहेरबान होऊन योग्य तो हुकूम फर्मावावा.’ मागून बायांच्या हुंदक्यांचा आवाज आला, म्हणजे पोचायचं ते पोचलं.

खेळ एका भामट्याचा होता. गडी मोठा हसतमुख, मिशीला पीळ, अंगात कोट. ह्या गावातून त्या गावात जायचा, बरं घर बघून दारात उभा राहायचा आन् आतल्या म्हाताऱ्याला हात जोडून म्हणायचा, ‘मामू!’ बास, एवढंच. पुढचं सगळं तो म्हातारा आपल्याच तोंडानं पुरवायचा. अरे, तू आमच्या अमकीचा का? तो म्हणायचा, होय. तिकडं सगळे बरे हायत का? बरे हायत. मग पाट, पाणी, जेवण, आन् निघताना खुंटीवरची छत्री घेऊन पसार! घरोघर छत्री. मामा बनवणं आपण नुसतं म्हणतो, ह्यानं ते खरं करून दाखवलं. पहिल्या घरी आमचे लोक हसले. दुसऱ्या घरी चिडले. तिसऱ्या घरापास्नं त्यांनी म्हाताऱ्यांना सावध करायचं मनावर घेतलं. ‘आवो, तो भामटा हाय!’, ‘छत्री आत ठेवा!’, ‘नाव विचारा की बे त्याला, गाव विचारा!’ असा गिल्ला उठला. पडद्यावरच्या एकानं बी ऐकलं न्हाई, तवा लोक त्यांच्यावरच संतापले. मी बी वरडलो. असा म्हातारा कसा येडा, समोरचा नाव बी सांगत न्हाई आन् हा घरात घेतो, असं मी बाजूच्याला म्हटल्याचं मला चांगलं आठवतंय.

मग तो एका एकट्या म्हाताऱ्याकडं आला. घरात दुसरं कुणी न्हाई. म्हाताऱ्यानं ताट वाढलं आन् समोर बसून भामट्याचं जेवण बघत राहिला. नुसता बघत होता. दाजी, खरं सांगतो, तवा मी वरडायचा थांबलो. छत्री जाणार तर जाऊ दे, म्हटलं, आधी त्याचं जेवण होऊ दे. पण आजूबाजूच्यांनी तंबू डोक्यावर घेतलेला. भामटा हात धुऊन उठला, खुंटीवरची छत्री काढली, दारात गेला, उंबऱ्यात थांबला आन् मान वळवून म्हाताऱ्याकडं बघितलं. तेवढ्यात आमचा गहिनीनाथ (तालीमवाला, अंगानं रेडा आन् मनानं वासरू) ‘थांब बे!’ म्हणून उठला आन् त्याला धरायला पडद्यावर झेपावला. पडदा फाडून तो पलीकडं बायांत पडला. बायांनी त्याला कसा काढला ते लिहीत न्हाई. खांब कोसळला, यंत्र उलटलं, फिल्लम तुटली. तंबूवाला शिव्या देत दुसऱ्या दिवशी मोमिनाबादेकडं निघून गेला. पुढं काय झालं, ते केजात कुणालाच ठाऊक न्हाई.

पण खरी भांडणं सकाळी लागली. छबुबाई आडावर म्हणाल्या, मेला भामटा हे मी पहिल्या घासालाच वळखलं, डाव्या हातानं जेवत होता! तिथल्या सगळ्या बायांनी मान डोलावली. गडी म्हणाले, उजव्यानं जेवत होता, आमी समोर बसलतो. घराघरात हाच वाद. आता पडदा मागून बघितला की उजवं ते डावं दिसतं, हे मला लगेच कळलं, पण मी बोललो न्हाई. कावून की त्या वादापायी लोक माझ्या दुकानात येऊन बसत होते, आन् मला बरं वाटत होतं. शेवटी बायांचंच खरं ठरलं. केजात सध्या लहान पोरगं बी सांगेल की भामटा डावखुरा असतो.

आता मुद्द्यावर येतो. गुढीपाडवा झाल्यावर एका दुपारी दुकानासमोर एक अनोळखी गडी उभा राहिला. असेल विशीच्या आतबाहेर. धुळीनं भरलेला, कपाळाला भस्म, चेहरा हसरा. हात जोडून म्हणाला, ‘मामा!’

दाजी, तुमाला ठाऊक हाय, मला एकच बहीण. तिला लेकरू झालं न्हाई आन् ती गेली. साऱ्या मुलखात मला मामा म्हणणारं कुणी न्हाई. तुमी दुसरं लग्न केलं हे मला भालकीच्या एका तेलाच्या व्यापाऱ्याकडून कळलं. (बरं केलं. माणसानं एकटं राहू नये.) लेकरंबाळं झाली का, हे त्याला सांगता आलं न्हाई. पण आपला रिवाज असा की दुसरीची लेकरं पहिलीच्या भावाला मामाच म्हणतात. तवा मी लगेच विचारलं, ‘अरे, तू आमच्या गुरुलिंगदाजींचा का?’ तो म्हणाला, ‘होय.’ मी म्हटलं, भालकीला सगळे बरे हायत का? म्हणाला, बरे हायत. नाव सांगितलं सिदू. (हे त्यानं स्वतःहून सांगितलं. पडद्यावरचा नाव सांगत न्हवता, हा फरक ध्यानात घ्या.)

संध्याकाळी गूळ-दूध घालून गव्हाची हुग्गी केली. किती वर्षांनी केली, गहू भरडताना हात दुखला. सिदूला पाट मांडला, ताट वाढलं, आन् त्यानं पहिला घास घेतला तो डाव्या हातानं! दाजी, माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. तुमच्या लग्नाच्या पंगतीत तुमी डाव्या हातानं घास घेतला तवा आमच्या जंगमस्वामींनी डोळे मिटून घेतलते, आठवतंय? शिवकांता पुढं तुमचं ताटच उलटं वाढायची, भाजी डावीकडं, चटणी उजवीकडं. मी सिदूचं ताट फिरवून ठेवलं. तो हसला. मला रडू आलं, पण धूर होता म्हणून चाललं.

तेवढ्यात छबुबाई ताक घेऊन आल्या आन् दारातनंच किंचाळल्या, ‘तोच! तोच हाय!’ घटकाभरात निम्मं केज माझ्या ओसरीवर. गहिनीनाथ उंबऱ्यात आडवा बसला. मोहनरावांनी जबानी सुरू केली, ‘सदरहू इसमाचं भालकीतलं घर कुठं?’ मीच म्हटलं, किल्ल्याजवळ की! सिदू म्हणाला, किल्ल्याजवळ. ‘बापाचं वय काय?’ मी म्हटलं, साठीच्या पुढं असतील, गुडघे दुखतात. सिदू म्हणाला, लई दुखतात. माझ्या मनासारखी उत्तरं दिली पोरानं. बाकीचे मात्र तंबूत बसल्यासारखे वरडत होते, छत्री आत ठेवा, छत्री आत ठेवा! वीस वर्षांत माझ्या ओसरीवर एवढी माणसं जमली न्हवती. मी सगळ्यांना हुग्गी वाढली. भामटा पकडायला आलेल्यांनी पातेलं पुसून खाल्लं.

पाचसहा दिवस राहिला पोरगा. पोती रचली, तराजूची साखळी नीट केली, रोज संध्याकाळी माझं बोलणं ऐकलं. तराजूपेक्षा बरं ऐकायचा. लोक रोज सकाळी विचारत, काय गेलं? मी म्हणायचो, काही न्हाई. ते उदास होऊन जात. मग एके दिवशी म्हणाला, मामा, निघतो. ऊन मी म्हणत होतं. मी खुंटीवरची छत्री काढून बळजबरीनं त्याच्या हातात दिली. तो म्हणाला, ‘परत आणून देतो, मामा.’ उंबऱ्यात थांबला, मान वळवून माझ्याकडं बघितलं, आन् गेला. गावानं ‘चोरी झाली’ म्हणून दवंडी पिटायचं तेवढं बाकी ठेवलं. गहिनीनाथ तर माझ्यावर रुसलाय, की त्याला धरू दिलं न्हाई. माझं म्हणणं एवढंच की दिलेल्या वस्तूला चोरी म्हणत न्हाईत.

तरी सिदू सुखरूप पोचला असेल. त्याला चांगलं जेवू घाला, वाळलाय. ताट उलटं वाढायला सांगा. तुमच्या मंडळींना नमस्कार. लोभ हाय तसा ठेवा म्हणावं तर तो कितपत हाय ते मला ठाऊक न्हाई, तवा असेल तेवढ्यात थोडा वाढवा.

तुमचा,
शंकरप्पा

ता. क. सिदू तुमचा असेल तर छत्री त्याच्याकडंच असू द्या, पण घेऊन ये म्हणावं. आन् सिदू नावाचं कुणी तुमच्या घरात नसेल, तर उत्तर पाठवायची तकलीफ घेऊ नका. तुमच्या न लिहिण्याची मला सवय हाय. मी तो होकार समजेन.

ता. क. दुसरा. पत्र बंद करताना एक आठवलं. सिदू आला त्या दुपारी दुकानात बसून त्यानं गूळ-शेंगदाणे खाल्ले ते उजव्या हातानं. मग पाय धुवायला आडावर गेलो, तवा मीच त्याला सांगितलं, की तुझा बाप डावखुरा, पंगतीत केवढा गोंधळ झालता, सगळी हकीकत. हुग्गी त्याच्यानंतर झाली. छबुबाईंच्या कानावर हे जाता कामा नये.

ता. क. तिसरा. तो तंबूवाला मोमिनाबादेहून उदगीर करून तुमच्या भालकीला जाणार, असं म्हणत होता. आला तर मेहेरबानी करून खेळ शेवटपर्यंत बघा. आमच्याकडं फिल्लम तुटली तवा भामटा छत्री घेऊन उंबऱ्यात उभा होता. तो त्या एकट्या म्हाताऱ्याकडं परत येतो का, तेवढं मला कळवा. वर लिहू नका म्हटलं ते विसरा, हे मात्र जरूर लिहा. येत नसला, तरी आला म्हणून लिहा.