ओळखीचं वाद्य

१३ जून, शुक्र. शेणवा

एकोणतीस, तीस, एकतीस. नाना खाटेपासून दारापर्यंत गेले, वळले, परत आले. काठी हातात होती, टेकवली फारशी नाही. मी डफडं थांबवलं तरी ते उभेच. सून शीतल पिठाच्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात.

झटका येऊन चार महिने. उजवा पाय फरफटतो. मंगळवारी मोबाइलच्या टिकटिकीवर नऊच पावलं.

आमच्या संगीतोपचाराच्या फॉर्मात एक रकाना आहे : 'लहानपणी घरात असलेलं, ओळखीचं वाद्य.' नाना म्हणाले होते, डफडं. म्हणून तेच आणलं. हवा दमट, कातडं सैल. बाहेरच्या चुलीवर मी शेकवत होते तर खाटेवरून आवाज : "लांब धरा. जवळ नाय. करपंल ते."

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा, तीन महिने. गेली तीस वर्षं नानाच वाचतात. विहार इथून दीडशे पावलं. त्यांना स्वतःच्या पायांनी जायचंय. उचलून नाही, खुर्चीतून नाही.

प्रतिसाद : उत्तम. असं लिहिलं.

१४ जून

मिलिंदचा फोन. नानांचा मुलगा, कल्याणला नोकरी. आवाज चढवला नाही.

"मॅडम, आमच्या घरात काय वाजवलंत तुमी?"

सांगितलं.

"आजा वाजवायचा. हौस नव्हती ती, गावकीचं काम होतं. धम्म घेतला, ढोरं ओढायची सोडली, तेव्हाच हे पण सोडलं. आता साठ-पासष्ट वर्षांनी आमच्या ओटीवरनं परत तोच आवाज?"

एकतीस पावलं चालले, म्हटलं.

"नऊ चालतील."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. एम. ए.ला यावर पेपर लिहिलाय, बरे मार्क मिळाले होते. रकाना भरताना आठवलं नाही. ओळखीचं म्हणजे आवडीचं, असं धरून चालले.

१७ जून, मंगळ. शेणवा

डफडं नेलं नाही. टाळ्यांवर बारा. तबल्याच्या रेकॉर्डिंगवर दहा. मग शीतल म्हणाली, भीमगीतं लावून बघा. लावली. नाना ताठ उभे राहिले. पाय हलेना.

"चाला ना, नाना."

"ऐकतोय ना गो."

शब्द असले की ते ऐकतात. ऐकताना चालत नाहीत.

संध्याकाळी आमच्या प्रकल्पाच्या संशोधनप्रमुख बाईंचा फोन. शुक्रवारी मोबाइल टेकवून घेतलेला व्हिडिओ त्यांना हवाय, एकतीस पावलांचा, परिषदेत दाखवायला. मुलाला चालणार नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, पेशंटची संमती आहे ना? आहे. सही आहे, वळणदार. पाठवला नाही. पुसलाही नाही.

२० जून, शुक्र. टोकावडे

कुणब्यांची आजी, कंपवात. डफडं वाजलं की आधी खांदे हलतात, मग पाय. एरवी दारात खिळल्यासारखी उभी राहते.

"माझ्या लग्नात चार दिस वाजत व्हतं."

कोण वाजवायचं?

"खालच्या आळीतले, आनखी कोन? मांडवाच्या भायेर बसायचे. भाकरी वरनं टाकायची."

हसत सांगितलं. खांदे हलत होते. मी वाजवत राहिले. थांबायला हवं होतं का, माहीत नाही. इथेही प्रतिसाद उत्तम. तोच रकाना, तेच वाद्य.

२७ जून, शुक्र. शेणवा

अकरा पावलं. शीतल दळण आणायला गेली होती. नाना आणि मी.

"तुमच्या घरी कोण वाजवायचं, ताई?"

"बाहेरून यायचे."

"म्हंजे आमीच."

हसले. ओठाची उजवी बाजू अजून हलत नाही.

मग स्वतःहूनच : "बाप पुढं वाजवायचा, मी मागनं चालायचो. वरातीच्या पुढं, मयताच्या पुढं. एक दिस बापानंच फोडलं. मी बारा वर्षांचा. काड्या मी चुलीत घातल्या." मग मांडीवर हात ठेवून : "ह्यातलं कसं फोडणार?"

आज फॉर्म भरला नाही.

४ जुलै, शुक्र.

तेरा. वर्षावासाला सहा दिवस.

नाना : "पौर्णिमेला डफडं आणा."

मिलिंद?

"त्याला मी सांगीन. तुमी वाजवा, मी चालतो. एवढी वर्षं उलटं झालं."

"आवाज सगळ्या आळीत जाईल, नाना."

"जाऊ दे. वाजवतंय कोण, ते पण बघतील."

८ जुलै, मंगळ.

शीतलला विचारलं, नानांनी सांगितलं का. "ह्यांना सांगितलं, रविवारी आले तवा. दोघं पण जेवले नाय." तेरा पावलं. पुढे सरकत नाही.

१० जुलै, गुरु. पौर्णिमा

पाच वाजता पोचले. नाना पांढऱ्या सदऱ्यात, खाटेच्या कडेला. डफडं शेकवलं, लांब धरून. मिलिंदनं रजा घेतलेली. तोही पांढऱ्या शर्टात, पायरीवर.

"बाबा, पाठीवर नेतो मी. लहानपणी तुमी न्यायचात का नाय?"

"माझे पाय हायेत."

मग मिलिंद माझ्याकडे वळला. "मॅडम, तुमी वाजवाल नि घरी जाल. आमाला इथंच ऱ्हायचंय."

नाना उठून उभे. "ताई." पुन्हा, "ताई, वाजवा."

काडी हातात होती. एकानं सांगितलं वाजवा, दुसऱ्यानं सांगितलं नको. दोघांचंही खरं होतं. आणि ठरवणारी मी, ओटीवर उभी.

मी वाजवलं नाही.

नानांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग तसेच निघाले. दोन पायऱ्या, अंगणात सात पावलं. आठव्याला पाय आला नाही. मिलिंदनं धरलं, खाली बसवलं. विहारातून त्रिसरण ऐकू यायला लागलं. नाना अंगणात बसून म्हणत होते. मिलिंद शेजारी उभा राहून. ग्रंथ आज दुसऱ्या कुणी वाचला असेल.

निघताना माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मी जय भीम म्हणाले. शीतलनं उत्तर दिलं.

व्हिडिओ पुसला. एसटीतच.

११ जुलै, शुक्र.

सकाळी शीतलचा फोन. डफडं ओटीवरच राहिलं होतं. मिलिंदनं फेकलं नाही. गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवलं आणि कामाला गेला. नानांनी बघितलं. चहा घेतला, खाटेवर बसलेत. आज माझी अकराची वेळ. येऊ का, विचारलं. ती म्हणाली, नानांना विचारून सांगते. साडेदहा झाले. फोन आलेला नाही.