बसाप्पा गुरुजींच्या निधनाची बातमी

कोल्हापूर,
१४ ऑगस्ट २००८

प्रिय विद्याश्री,

बारा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून, शिवलीलाकडून मिळवला, दोनदा खात्री करून. आधी एवढं वाच: तुझे आप्पा हयात आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या पेपरच्या वेबसाइटवर त्यांच्या निधनाची बातमी आली, ती खोटी होती. ती मीच टाकली.

शाहूपुरीच्या या कचेरीत निधनवार्ता वर्षानुवर्षं माझ्याकडेच. घरच्या माणसाची सही असल्याशिवाय एक ओळ सोडायची नाही, हा माझा नेम. त्यापायी खडूस म्हणून बदनाम आहे. वेबसाइट आली आणि सगळ्यांना घाई सुटली. मुरगूडच्या जुन्या विद्यार्थ्यांचा ईमेल आला: बसाप्पा गुरुजी गेले, रक्षाविसर्जन उद्या सकाळी. नाव वाचूनच डोळे भरले. ज्यांनी मला लिहायला शिकवलं, त्यांची बातमी दुसऱ्या कुणी आधी द्यावी हे सोसेना. गुरुजींच्या घरचा फोन लागेना, तरी टाकून मोकळा झालो.

विद्या, रक्षाविसर्जन! आपल्यात पुरतात, राख येणार कुठून? लिंगायताच्या पोटी जन्मून मला एवढं दिसू नये? गेले होते ते त्याच शाळेतले गणपतराव गुरुजी. ईमेल लिहिणाऱ्यानं नाव चुकवलं. चार तासांनी बातमी काढून टाकली, खुलासाही छापला. थकलोय गं आता. पूर्वी खुलासा लोक वाचायचे तरी. आता तो कुणी बघत नाही, आणि खोटी बातमी अजून ईमेलमधून फिरतेय.

माफी मागायला मुरगूडला गेलो. वाटलं, आप्पा छडी काढतील. ते सोप्यात बसले होते. "मेलेला माणूस चहा पितोय, बघ की," म्हणून हसले. तुझ्या लग्नापासून ज्यांनी तुझं नाव काढलं नाही, त्यांनी मग कप खाली ठेवला आणि हळूच विचारलं, "विद्यानं वाचलं असंल न्हवं? आली न्हाय ती."

तू वाचलंस की नाही, मला माहीत नाही. पण त्यांच्या तोंडाकडे बघवेना. बोलून गेलो, की तिचा कचेरीत फोन आला होता, फार रडली, येते म्हणाली. काल त्यांनीच फोन करून विचारलं, कुठल्या गाडीनं येणार? खात्री न करता दिलेली ही माझी दुसरी बातमी. पहिलीचा खुलासा मी छापला. हिचा मला करायला लावू नकोस.

तुझाच,
सोमशेखर