एकटी येते का?

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

छबीची विशेष शाळा या महिन्यात संपते. पुढे दोनच वाटा आहेत: कॉलेजातला दोन तासांचा वर्ग, नाहीतर इस्पितळाच्या धुलाईघरात वर्षभर प्रशिक्षण आणि मग तिथेच नोकरी. माझ्या लेकीला धुलाईघरच हवंय. चाचणीत तिने चादरींच्या कडा अशा जुळवल्या, की तिथल्या प्रमुख बाईंनी मलाच तिच्याकडून शिकून घ्या म्हणून चिडवलं.

अर्जात प्रश्न होता, एकटी ये-जा करते का? मी ‘नाही’ लिहिलं. कोपऱ्यावरच्या दुकानातही मी तिला कधी एकटी पाठवलेली नाही, मग खोटं कसं लिहू? बाईंनी तिलाही विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाली. खरं बोलली, याचा मला अभिमानच वाटला.

अजून तिला एकटी सोडत नाही म्हणून रागावलीस, तरी लोभ असू दे.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

रागवायची पाळी तुझी आहे. गेल्या सुट्टीत तू आजारी होतीस आणि छबी महिनाभर माझ्याकडे होती, तेव्हा ती रोज बसने एकटी वाचनालयात जायची. सुरुवातीला मी तोंडाला ओढणी गुंडाळून मागच्या बाकावर बसायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला ओळखलं आणि पुढच्याच थांब्यावर उतरवून दिलं! तुला कळलं असतं तर तू तिला पुन्हा पाठवली नसतीस. म्हणून आईला सांगायचं नाही, असं मीच तिच्याकडून कबूल करून घेतलं. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. आजच जा, हे पत्र दाखव, अर्ज दुरुस्त करून घे.

माया आटू देऊ नकोस.

ताई

२५ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र मिळालं तशी धावले. यादी आदल्या दिवशीच लागली होती. एकटी येत नाही म्हणून छबीला त्यात घेतलं नव्हतं. बाराही जागा भरल्या, आणि पुढच्या वर्षी छबीचं वय बसत नाही. बाई हळहळल्या, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

तुला दोष देत नाही. तू तिला निदान बसमध्ये बसवलंस. एकटी जाशील का, असं मी अठरा वर्षांत तिला एकदाही विचारलं नाही. अर्जात मी खरं लिहिलं की माझी भीती लिहिली, हे अजून मला ठरवता येत नाही.

सोमवारी ती कॉलेजच्या वर्गाला एकटी निघाली. मी जाऊ दिलं. तासाभराने धुलाईघरातून बाईंचा फोन आला. छबी दारात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, की मी एकटी आले, आता मला घ्या. नाही म्हणणं बाईंच्या जिवावर आलं होतं.

मी जाऊन तिला सगळं सांगितलं. ती रडली नाही. चूक कोणाची, एवढंच तिने विचारलं. मी माझी म्हटलं. तशी ती बाईंकडे वळली आणि म्हणाली, की चूक आईची आहे, मग मला घ्या.

तिला काय सांगू, ते तूच लिही. लोभ त्यातच पोचेल.

तुझी धाकटी